तांबड्या कोटाचे माप

“अहो, जरा बाजूला व्हा. माझी मुलगी येतेय बाहेर,” असे बाईंनी आपल्या नेहमीच्या हुकमी आवाजात जिला फर्मावले, ती त्यांची मुलगीच होती. कपड्यांच्या त्या मोठ्या दुकानात, कपडे घालून पाहण्याच्या खोल्यांसमोर एक अरुंद बोळ होता आणि बोळाच्या टोकाला जमिनीपासून छतापर्यंत आरसा होता. बाई तिथल्या गुबगुबीत तिवईवर, पर्स मांडीवर उभी धरून, परीक्षक बसावा तशा बसल्या होत्या. आरशासमोर एक उंच, सडपातळ स्त्री पाठमोरी उभी होती. बाईंनी तिला आधी नीट पाहून घेतले होते. कोणीही पाठमोरे दिसले की खांदा, पाठ, कंबर ही वळणे त्यांचे डोळे आपोआप मोजून घेत. हयातभर कात्री चालवल्याची ती खोड. खांदे झकास आहेत, त्यांनी मनात म्हटले होते. असे खांदे असले की कापडाला काही शिकवावे लागत नाही. कोण कुठली देव जाणे, पण उभी कशी राहते बघा! मग त्यांना वाटले, हिने आरसा अडवला आहे. आपली थोरली लेक बाहेर आली की तिला बोळातच अंग चोरून थांबावे लागेल. असल्या बोळांत थोरलीला नेहमी अंग चोरावे लागे. म्हणून त्या बोलल्या. त्या स्त्रीने मान वळवली आणि म्हणाली, “आई, अगं मीच आहे.”

हँगरांचा घोस हातात घेऊन उभी असलेली दुकानातली मुलगी फिस्सकन हसली. “आजींना चष्मा लागतोय वाटतं.”

“चष्मा आहे मला,” बाई म्हणाल्या. “आणि आजी मी माझ्या नातीची. तू तो निळा आण.”

मुलगी गेली. थोरलीही हसत होती, पण हसता हसता तिने आरशाकडे पुन्हा एकदा चोरून पाहिले, जणू आईला जी दिसली होती ती अजून तिथे आहे का हे तपासत होती. बाईंना मात्र हसू आले नाही. थोरली बारीक झाली आहे हे काय त्यांना ठाऊक नव्हते? रोज एका टेबलाशी जेवणाऱ्या माणसाचे गाल आत जातात, मनगटातले हाड वर येते, अंगठी बोटात फिरू लागते, हे त्यांच्यापासून लपणार होते थोडेच! पण ते सगळे सुटे सुटे दिसले होते, उसवलेल्या कपड्याचे तुकडे टेबलावर पडलेले असावेत तसे. ते तुकडे जोडून एक अख्खी बाई तयार झाली आहे, आणि ती आपल्याला न विचारता झाली आहे, हे आज या बोळात कळले. शिवाय एक अवघड गोष्ट होऊन बसली होती. परकी समजून जिचे मनातल्या मनात कौतुक करून झाले, ती आपलीच निघाली. आता ते कौतुक परत घ्यायचे, की तसेच राहू द्यायचे? त्या तिवईवर जराशा सरकल्या. मग त्यांचे लक्ष थोरलीने घातलेल्या कपड्याकडे गेले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला, कारण तिथे नाव ठेवायला जागा होती. तो एक काळपट, ढगळ, गुडघ्याखाली लोंबणारा अंगरखा होता. “हे काय उचललंस?” त्या म्हणाल्या. “गादीचा अभ्रा शोभतोय.” थोरली ओशाळली. “हात आपोआप रांगेच्या शेवटाकडे जातो गं. सगळ्यांत मोठं तिकडे टांगलेलं असतं ना.”

मग निळा झाला, राखाडी झाला, एक पट्ट्यापट्ट्यांचा झाला. दुकानातली मुलगी प्रत्येकाला “काय सुंदर दिसतंय मॅडम” म्हणत होती, इतक्या इमानाने की तिने थोरलीला पडदा नेसवला असता तरी तेच म्हटले असते. कमरेला बसे ते दंडात अडके. दंडात मावे ते कमरेला तंबूसारखे उभे राही. शेवटी थोरलीने आईला खोलीत बोलावले, पडदा ओढून घेतला आणि बाही वर सारून दंड पुढे केला. “हे बघ,” ती हळू आवाजात म्हणाली. मेद गेला होता, पण त्याच्यावरची कातडी कुठे जाणार? ती पातळ, चुरगळलेली, हाडाखाली सैल लोंबत होती, पोटावरही तशीच असावी. “सगळे म्हणतात, काय बारीक झालीस! कपड्यात म्हणतात. कपड्याच्या आत हे आहे.” बाईंनी त्या दंडाकडे बराच वेळ पाहिले. त्यांना घृणा वाटली नाही, कीवही वाटली नाही. लढाईहून परतलेल्या माणसाने खिशातून काहीतरी काढून तळहातावर दाखवावे तसे त्यांना वाटले. पण असले काही बोलून दाखवण्याची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती. “बाही खाली घे,” त्या म्हणाल्या, “आणि चल. या लोकांना बाहीचा मुंढा कापता येत नाही. मी शिवते.”

“तू? आई, तू कात्री ठेवून किती वर्षं झाली.”

“ठेवली आहे. मोडलेली नाही.”

परतताना बसच्या खिडकीतून पूल दिसला. थोरली पुलांची इंजिनिअर होती. नवे बांधणारी नव्हे, जुने सांभाळणारी. लोक पुलावरून जातात, ही पुलाखालून जाई. कठड्यापासून तारांनी सोडलेल्या लोखंडी पाळण्यात उभे राहून, कमरेला आणि मांड्यांना सुरक्षेचा पट्टा आवळून, खाली नदी आणि डोक्यावर पुलाचे पोट, अशा ठिकाणी ती लोखंड सांधणारे एकेक रिव्हेट हातोडीने वाजवून पाहत असे. आवाजावरून तिला लोखंडाची तब्येत कळे. आणि मग एके दिवशी पट्ट्याची कडी बसेना. मुकादम भला माणूस होता. तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही वरच थांबा, खाली वारा फार आहे. मी फोटो काढून आणतो.” वारा त्या दिवशी नव्हता. हे थोरलीने घरी पुष्कळ दिवसांनी, भांडी पुसता पुसता, दुसऱ्याच कोणाची तरी हकिगत सांगावी तसे सांगितले. पण कडी बसली नाही त्याच दिवसापासून तिने ताटावर हात आडवा धरायला सुरुवात केली होती. “माझ्या हातचं नकोसं झालं का?” बाईंनी फणकाऱ्याने विचारले होते. “हातचं हवंय, आई. पुन्हा वाढणं नकोय.” एवढेच. वाढण्यासाठी उचललेला डाव पातेल्यात परत ठेवताना बाईंना जो अपमान वाटला होता, तो पुढे महिनोन्‌महिने रोज दोन्ही वेळा वाटत राहिला. आणि तरी त्या मनात म्हणत राहिल्या, बापरे, काय पोलादी आहे कार्टी! दुरुस्तीसाठी रहदारीला बंद झालेला तो लांबच लांब पूल ती रोज सकाळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून जाई आणि परत येई. सुरुवातीला मध्येच कठड्याला टेकत असे, म्हणे. ऊन असो, गारठा असो, ताप अंगात असो. कोणाला सांगितले नाही, कोणापुढे रडगाणे नाही, आरशासमोर फोटो नाहीत. ही जिद्द कुणाची असे कोणी विचारले तर बाई बेधडक सांगत, “माझी. हिचे वडील सरबताची बाटलीसुद्धा मला उघडायला द्यायचे.” मग एका संध्याकाळी ती घरी आली, ओठ मिटलेले, कपाळावर गंजाचा डाग, आणि म्हणाली, “आज खाली गेले.” बाईंनी मान डोलावली आणि चहा टाकला.

आता पूल पुन्हा खुला व्हायचा होता. दुरुस्ती सगळी थोरलीच्या देखरेखीखाली झालेली. तेव्हा त्या दिवशी रिकाम्या पुलावरून सर्वांच्या पुढे ती चालणार आणि अलीकडच्या काठावर सगळे शहर उभे राहून बघणार, असे ठरले होते. पुलाखाली लोंबकळताना जिचे काळीज हलले नाही, ती या एवढ्याशा चालण्याच्या विचाराने पार खचून गेली होती. कपाटातले सारे कपडे तिच्या अंगावर, खुंटीला अडकवावेत तसे लोंबत. दुकानातले कपडे तर आज बघून झालेच. “नाहीच काही जमलं तर जुना काळा कोट घालीन,” ती बसमध्ये म्हणाली. तो काळा कोट म्हणजे त्यांच्या हयातीतले सर्वांत उत्तम काम होते आणि तो आता तिने घालू नये, हे त्यांना जितके स्वच्छ दिसत होते तितकेच ते झोंबत होते.

कारण लपवणे ही बाईंची विद्या होती. त्यांचे शिवणघर होते तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाहून जाडजूड बायका त्यांच्याकडे येत आणि अर्ध्या वजनाच्या होऊन बाहेर पडत. कुठे उभी टीप घ्यावी, कुठली चुणी पोटाच्या वर मारावी म्हणजे पोट तिथे नाहीच असा भास होतो, कुठला रंग अंगाला गिळतो, गळा किती खोल ठेवला की नजर तिथेच अडकते आणि खाली उतरत नाही, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. एक डॉक्टरीणबाई म्हणत, “आम्ही औषध देऊन जे करत नाही ते तुम्ही कात्रीनं करता.” या विद्येवर घर उभे राहिले, मुले शिकली. पण खरे सांगायचे तर ती विद्या त्यांनी गिऱ्हाइकांसाठी कमावलीच नव्हती. गिऱ्हाइके मागाहून आली. ती कमावली एका मुलीसाठी. थोरली नुकती वयात येत होती. शिवणघरात चारचौघी बसल्या होत्या, बाई तिच्या कमरेला टेप लावत होत्या, आणि बाईंच्या धाकट्या नणंदेने वाकून आकडा वाचला. नुसता वाचला नाही, गाऊन दाखवला. “वहिनी, ही तर माझ्या लग्नातली कंबर झाली गं, तीही जेवण झाल्यावरची!” सगळ्या हसल्या. थोरलीही हसली, आणि तिच्या त्या हसण्याचा आवाज बाईंच्या कानात पुढे कायमचा राहिला. “वन्सं,” बाई म्हणाल्या होत्या, “टेप माझी आहे. ती डोळ्यांनी वाचायची असते, तोंडानं नाही. उठा.” नणंद उठून गेली ती दोन दिवाळ्या घरी आली नाही. आणि बाईंनी त्या दिवसापासून थोरलीच्या अंगाला टेप लावली नाही. तिचे कपडे त्या नजरेने बेतू लागल्या. दारातून आत येताना एकदा पाहायचे, एवढेच माप.

नजर चुकली तर सांभाळायला शिलाईच्या आत जादा कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. थोरलीच्या कपड्यांत बाई ती चांगली रुंद ठेवत. आणि आणखी एक काम करत, जे त्यांनी नवऱ्यालाही सांगितले नव्हते. कपडे धुऊन इस्त्रीला आले की त्या थोरलीचे तेवढे बाजूला काढत, बगलेखालची टीप दाताने तोडून उसवत, आणि तिच्या जरा बाहेरून, केसभर, कधी दोराभर सैल अशी नवी टीप मारून, वाफेची इस्त्री फिरवून, घडी करून कपाटात ठेवून देत. म्हणून थोरलीला कपडा कधी काचला नाही. शाळेच्या बाकाने तिला सांगितले असेल, बसच्या सीटने सांगितले असेल, आरशाने तर सांगितलेच असेल. कपडा तिला कधी एका अक्षराने बोलला नाही. ओल्या सुताचा तो वास, तापलेल्या इस्त्रीखाली टाक्यांचे बसत जाणे, दुपारची सामसूम. त्या वेळी बाईंना वाटे, जगात आपल्या मुलीला कुठेही टोचेल, पण इथे, या दोन टिपांच्या मध्ये, नाही.

कापड घ्यायला दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. बाईंनी गर्द जांभळ्या, गर्द हिरव्या, गर्द करड्या अशा ठाणांवर हात फिरवला. त्यांच्या हाताला गर्दपणाची सवय होती. थोरली एका कोपऱ्यात थांबली होती. तिच्यासमोर तांबडे, जरासे विटेकडे झुकणारे, दाट विणीचे लोकरी कापड होते. “हे,” ती म्हणाली.

“हा रंग?” बाई म्हणाल्या. “हा नजरेत भरतो.”

“लोखंडाला पहिला हात ह्याच रंगाचा देतात, आई. गंज लागू नये म्हणून. मग वरून करडा मारतात आणि हा दिसेनासा होतो. मी अख्खा पूल ह्या रंगात पाहिलाय. चारच दिवस होता तसा. इतका देखणा कधी दिसला नव्हता.”

“आतला हात आतच बरा असतो,” बाई पुटपुटल्या. पण थोरलीने कापडाचे टोक खांद्यावर टाकले तेव्हा तिच्या गळ्याची, कानांची कातडी उजळून निघाली. दुकानदाराने तोंड उघडण्याआधीच बाईंनी बोटाने खूण केली: काप.

खिडकीशी लावलेल्या त्यांच्या जुन्या मोठ्या टेबलावर बाईंनी ते कापड अंथरले तेव्हा ऊन नुकते टेबलाच्या कडेला आले होते. कात्रीला धार लावून आणली होती. थोरली कामावर गेलेली. टेप खणात होती. ती बाहेर काढण्याचा विचारही त्यांच्या मनाला शिवला नाही. त्यांनी डोळे मिटले, थोरली दारातून आत येताना आठवली आणि खडू उचलला. खडूची रेघ कापडावर कुरकुरत गेली, मुंढ्याला वळली, खाली उतरली. आणि कात्री त्या रेघेमागून जाऊ लागली तेव्हा कापडातून तिचा तो जाड, समाधानी आवाज निघाला, जो ऐकला की त्यांना आपण अजून कोणीतरी आहोत असे वाटे. कच्चे टाके घालताना त्यांनी गाणेसुद्धा गुणगुणले. संध्याकाळी थोरली आली, कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली, हात बाह्यांत घातले. आणि कोट तिच्या अंगावरून घसरला. खांदे दंडावर उतरले, पाठीत पिशवी झाली, पुढच्या दोन कडा एकमेकींवरून पार बगलेपर्यंत गेल्या. कॉलेजातून नुकतीच आलेली नात दारातच थबकली. “आजी, ह्यात मी आणि आई दोघी मावू. भाडं किती घेशील?”

“तू पाय धू आधी,” बाई म्हणाल्या, पण आवाजात धार नव्हती.

नात आत गेली. बाई टाचण्या तोंडात धरून उभ्या होत्या. त्या धातूची चव जिभेवर पसरत गेली. असे कधी झाले नव्हते. गिऱ्हाईक रस्त्याच्या पलीकडून येताना दिसले तरी त्याचे माप सांगणारी ही नजर. म्हातारी झाली काय? पण नाही. परवाच त्या बोळात, पाठमोऱ्या बाईचे खांदे तिने एका क्षणात बरोबर टिपले होते. तेच खांदे आता समोर होते. परकी होती तोवर बरोबर दिसली. आपली झाली आणि हात रुंद सुटला. आज दुपारी डोळे मिटून जी दारातून आत आली, ती कोण होती? ती जुनीच होती. गोलमटोल, धापा टाकत येणारी, आल्या आल्या “आई, काय आहे गं खायला?” म्हणणारी. हात तिच्याच मापाने चालला होता, आणि किती सुखाने! ती पहिली कुठे गेली? तिला कोणी निरोपही दिला नाही. सगळे नव्या बाईचे कौतुक करण्यात गुंतले आहेत, आणि ती पहिली, जिच्यासाठी आपण एक अख्खी विद्या शोधून काढली, ती काळ्या कोटात हात घालून कपाटात लटकते आहे.

“आई,” थोरली आरशातून म्हणाली, “टेप लाव ना.”

“तुला मी टेप लावत नाही.”

“माहीत आहे. आत्याच्या त्या दिवसापासून. आणि बगलेतल्या टिपा उसवायचीस, तेही माहीत आहे.”

बाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. “काय माहीत आहे?”

“अगं, टीप काढली तरी सुईची भोकं राहतात. कपडा उलटा करून उजेडात धरला की दिसतात. एकाशेजारी एक ओळी. काही कपड्यांत तर किती ओळी होत्या! मी मोजायची बसून.”

“आणि बोलली नाहीस कधी.”

“काय बोलणार? आधी राग यायचा. वाटायचं, हिनं एकदा तरी घट्ट होऊ द्यावं, म्हणजे मला कळेल तरी. मग पुलाखाली काम करायला लागले. तिथं सगळंच लोखंड. घरी येऊन कपडे बदलले की वाटायचं, एक गोष्ट आहे जगात जी मला ढकलत नाही.” तिने सैल कोटाच्या दोन्ही कडा हातात धरल्या. “त्या पट्ट्याची कडी बसेना ना, तेव्हा मी मुकादमासमोर हसले. तशीच, आत्यासमोर हसले होते तशी. आणि घरी येऊन तुझा तो काळा कोट उलटा करून बसले. आतली माया संपली होती, आई. शेवटची टीप अगदी कापडाच्या काठाला होती. तू आणखी कुठून काढणार होतीस? तेव्हा वाटलं, आता आपणच काहीतरी केलं पाहिजे.”

बाई खिडकीकडे वळल्या. रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटा वाजवत होते, उगीचच, पुन्हा पुन्हा. कपाटाच्या अंधारात, दुपारच्या सामसुमीत, कोणाला कळू न देता केलेले सगळे काम असे कोणीतरी उजेडात धरून ओळीने वाचले होते, आणि वाचून गप्प राहिले होते, इतकी वर्षे. अशी माणसे काय रोज जन्माला येतात? आपल्याला वाटत होते आपण हिला सांभाळतो. आणि ही आपल्याला आपले गुपित सांभाळू देत होती. त्यांच्या मनात नजर चुकल्याची जी शरम होती ती हळूहळू निघून गेली आणि तिच्या जागी एक भलताच भरघोस, जवळजवळ भीती वाटावी असा अभिमान येऊन बसला. माझी आहे ही. त्यांनी खण उघडला. टेप गुंडाळी होऊन पडली होती. कडा विरलेल्या, सुरुवातीचे आकडे बोटांनी पुसट झालेले.

“हात वर कर,” त्या म्हणाल्या.

थोरलीने हात वर केले. सैल कातडी दंडाखाली लोंबली आणि तिने ती लपवली नाही. बाईंनी छातीभोवती टेप फिरवली, मग कमरेभोवती. इतक्या वर्षांनी त्या अंगाला त्यांचे हात असे लागत होते. बरगड्या लागल्या, पाठीचे मणके लागले, त्वचेची ऊब लागली; आणि लहानपणी न्हाऊ घालताना ज्या खांद्याच्या हाडावर साबण घसरत असे, ते हाड अचानक, जसेच्या तसे, तळहाताखाली आले. अरे, ही इथेच होती तर. कुठे गेली नव्हती. बाईंनी टेपेचे टोक घट्ट धरले. आकडा डोळ्यांनी वाचायचा, तोंडाने नाही, या आपल्या नियमाने त्या वाकल्या. पण त्यांच्याआधी थोरलीनेच मान खाली घालून आकडा पाहिला आणि मोठ्याने, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, तो वाचला. आतून नातीने टाळ्या वाजवल्या. आकडा इथे सांगण्याचे कारण नाही. तो तिचा आहे. ती हसली, आणि बाईंनी कान देऊन ऐकले. हे ते हसणे नव्हते.

मग खडूने नव्या रेघा पडल्या. दंडाशी बाई फार वेळ थांबल्या. लपवायचे असते तर त्यांना ते डोळे झाकून जमले असते: रुंद बाही, लोंबती, की आत काय आहे ते कळूच नये. पण बाही रुंद ठेवली की ते खांदे बुडणार. त्यांनी बाही दोन तुकड्यांत कापायची ठरवली, कोपराशी किंचित वळण देऊन, आतून तलम अस्तर, म्हणजे कातडीला घासणार नाही, आणि मुंढा उंच, अगदी बगलेशी, म्हणजे हात वर केला तरी कोट जागचा हलणार नाही. हात झाकायचा नव्हता. त्याला चालता यावे असे घर द्यायचे होते. हे असे काम त्यांनी आयुष्यात कधी केले नव्हते, आणि हे लक्षात येताच या वयात त्यांच्या बोटांना मुंग्या आल्या.

बगलेखालच्या रेघेवर कात्री टेकवली तेव्हा थोरली म्हणाली, “माया ठेवू नकोस.”

“वेडी आहेस का? सवयच आहे ती. आणि पुढेमागे—” बाई थांबल्या.

“पुढेमागे काय ते मला माहीत आहे. मला रोज भीती वाटते त्याची. सकाळी उठले की पहिली तीच. पण कोटात जागा ठेवलीस ना, तर मी त्या जागेकडे बघत बसेन. ह्या वेळी कपड्याला बोलू दे मला.”

बाईंनी रेघेकडे पाहिले. रेघेबाहेर चांगले तीन बोटे तांबडे कापड होते. सुखाचे, सुरक्षित, कशालाही पुरे पडेल असे. सगळे आयुष्य त्यांनी ते कापड सोडण्यात घालवले होते. “बोटभर ठेवावंच लागतं,” त्या म्हणाल्या. “नाहीतर शिवण धरत नाही, उसवते. ते तुझ्यासाठी नाही, शिवणीसाठी. त्यावर एक धागा नाही ठेवत, बस?”

“बस.”

कात्री चालली. तांबड्या कापडाची लांब पट्टी टेबलाच्या कडेवरून घरंगळली आणि खाली, बाईंच्या पावलांवर जाऊन पडली. त्यांनी ती उचलली नाही.

पूल खुला झाला त्या सकाळी वारा होता, खराखुरा. काठावर ही गर्दी. नात पाणी आणायला गेली होती आणि बाई कठड्याशी, लोकांच्या पाठींच्या मागे, काठी टेकून उभ्या होत्या. समोर एक धिप्पाड गृहस्थ छत्री बगलेत मारून उभा होता, त्याच्या कोटाची मागची टीप वाकडी होती. त्याच्या खांद्यावरून त्यांना एवढाच तुकडा दिसत होता: करडा पूल, करडे आभाळ, आणि त्यांच्या मधोमध, पलीकडच्या टोकाकडून इकडे येणारा एक तांबडा ठिपका. ठिपक्याची रेघ झाली, रेघेला खांदे आले. त्या खांद्यांना काही शिकवावे लागत नव्हते. मध्यावर आल्यावर ती थांबली, मागून येणाऱ्या आपल्या माणसांना वरच्या कमानीतले काहीतरी दाखवायला तिने हात सरळ आभाळाकडे केला, आणि बाईंनी श्वास रोखला. पण बाही हातासोबत गेली, कोट कमरेशी जागच्या जागी राहिला, एक सुरकुती नाही. “कोण हो ती?” धिप्पाड गृहस्थ शेजारणीला विचारत होता. “काय ऐटीत येतेय! आणि कोट काय फक्कड आहे!”

बाईंनी काठीचे टोक त्याच्या पोटरीला टेकवले.

“अहो, जरा बाजूला व्हा,” त्या म्हणाल्या. “माझी मुलगी येतेय.”